मीटर वाजतो, पण गाडी चालू होत नाही
लोटस सेव्हन आणि तिच्या घराण्यातल्या किट कार, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेल्या गाड्या, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

यंदा मंडळाच्या गणपतीत आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभा होतो, तोच मागून खांद्यावर हात पडला. "दादा, तुमच्याकडून नेलेली ती गाडी. स्टार्टर मारला की नुसतं टक् करते. बॅटरी नवी टाकली. अर्थिंगही तपासलं, मीटर बीप वाजतो." या मोसमात हे वाक्य मी निदान सहाव्यांदा ऐकत होतो, त्या बीपसकट. (मीटर म्हणजे मल्टिमीटर; तार जोडलेली असली की तो बीप वाजतो. अर्थिंग म्हणजे विजेची बॅटरीकडे परतायची वाट.) हातात मोदक होता, म्हणून तिथं सविस्तर बोललो नाही. ते इथं लिहितो.

आमच्याकडे येणारे मराठी ग्राहक बहुतेक गाड्यांच्याच धंद्यातले. टाटांनी २००८ साली जग्वार लँड रोव्हर घेतली, तेव्हापासून पुण्या-पिंपरीची मंडळी इथं इंग्लंडात कॉव्हेंट्री, गेडन, वॉरिक या भागात येत राहिली. दिवसभर दोन-अडीच टनांच्या गाड्यांवर काम करायचं आणि रविवारी साडेपाचशे किलोच्या गाडीत बसून फॉस वे नावाच्या रस्त्यावर सुटायचं, हा छंद त्यातल्या काहींना लागला. चांगला छंद आहे. अडचण एवढीच, की ऑफिसात गाडी बिघडली की लॅपटॉप जोडतात आणि ती आपलं दुखणं स्वतः सांगते. आपल्या बऱ्याचशा जुन्या किट गाड्यांना लॅपटॉप जोडायला जागाच नाही.

शिवाय ही गाडी कुठल्याही कारखान्याच्या एका पट्ट्यावर तयार झालेली नाही. लोटसने १९५७ साली सेव्हन काढली, तेव्हा तयार गाडीवर इथं परचेस टॅक्स होता आणि सुट्या भागांवर नव्हता. अट अशी, की भागांबरोबर जोडणीची माहिती द्यायची नाही. म्हणून लोटसने गाडी 'खोलायची कशी' याची माहिती दिली आणि घेणाऱ्याने ती शेवटाकडून वाचली, असं सांगतात. १९७३ साली सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. वेस्टफील्ड आणि इतरांनी त्याच ढंगाच्या गाड्या काढल्या. पण तुमच्या दारातली गाडी जोडली ती कुणीतरी, कुठल्यातरी शेडमध्ये, पावसाळी रविवारी. त्याने कोणती तार कुठं बांधली हे त्यालाच ठाऊक. तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका. मी एका गाडीत सगळ्या तारा हिरव्या पाहिल्या आहेत. माणसाला बहुधा एकच रीळ स्वस्तात मिळालं होतं.

आता बीपकडे येतो.

साध्या गाडीचा अख्खा सांगाडा पत्र्याचा असतो, त्यामुळे वीज कुठूनतरी बॅटरीकडे परत जाते. आपल्या गाडीत इंजिन रबरावर बसलेलं, चासीच्या पाइपांवर पावडर कोटिंग, म्हणजे एका परीनं प्लॅस्टिकच, आणि मडगार्ड, नाक वगैरे फायबरचं. विजेला परतायला तुम्ही जी वाट कराल तीच वाट. ती एका जाड पट्टीतून जाते आणि पट्टी एका बोल्टखाली दाबलेली असते. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते त्या बोल्टवर बसतं. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतील तर मिठाच्या पाण्यात दोघांचं भांडण जुंपतं आणि मध्ये पांढरी भुकटी जमते.

मीटर बीपवर लावता तेव्हा तो तारेतून नखाएवढा करंट सोडतो. तेवढ्याला वीस तारांच्या जुडग्यातली एक तार धड असली तरी पुरते, लगेच बीप. स्टार्टरला मात्र एका दमात शंभर-दीडशे अँपिअर लागतात. हिशेब करा: दीडशे अँपिअरच्या वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला, तर दीड व्होल्ट तिथंच खलास. साधा मीटर ओहमचा शंभरावा भाग दाखवतही नाही. साकवावरून मांजर गेलं म्हणून कुणी ट्रक घालत नाही, पण मीटर वाजला की आपण अर्थिंगवर फुली मारतो आणि बॅटरी मागवतो. मग स्टार्टर. मग रिले. मग आम्हाला फोन.

त्याऐवजी असं करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू होऊ नये म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा; कार्ब्युरेटरवाल्या जुन्या इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलची तार काढलीत तरी चालेल. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या खुणेवर. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवा. खुंटावर म्हणजे शिशाच्या खुंटावरच, वरच्या क्लॅम्पवर नाही; निम्म्या लोकांचा घोटाळा इथंच होतो. लाल सुई इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. आता घरातल्या कुणालातरी तीन-चार सेकंद स्टार्टर मारायला सांगा आणि आकडा वाचा. ०.२ पर्यंत असेल तर अर्थिंग उत्तम. ०.५ च्या वर गेला तर दुखणं सापडलं. मग लाल सुई एकेक टप्पा मागे आणा: पट्टीचं इंजिनकडचं टोक, चासीकडचं टोक, चासी, बॅटरीचा क्लॅम्प. आकडा जिथं एकदम कोसळतो, त्याच्या लगेच आधीचा सांधा खराब.

हे करतानाच बॅटरीच्या दोन खुंटांवर सुया ठेवून एकदा स्टार्टर मारा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर संशय बॅटरीवर. साडेअकराच्या वर राहिलं आणि तरी स्टार्टर रडत असेल, तर बॅटरी बिचारी द्यायला तयार आहे, वाट अडली आहे. नवी बॅटरी घ्यायची की नाही ते एवढ्यात कळतं. मीटर दहा-पंधरा पौंडांना मिळतो.

मीटर नसेल आणि रस्त्यात अडकला असाल, तर जंप लीडची एकच तार घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा थेट इंजिनला. टक् करणारी गाडी भर्रकन फिरली, तर आणखी काही शोधायचं राहिलं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी पोऱ्या म्हणून लागलो तेव्हा आमचे मिस्त्री पहिल्यांदा हेच करायचे आणि मग चहा सांगायचे.

ऑक्टोबरात एक गाडी टेंपोवर चढवून आली. नवी बॅटरी, नवा स्टार्टर, स्टार्टरला वीज सोडणारा सोलेनॉइडही नवा, तिन्हींच्या पावत्या डॅशबोर्डवर. मीटर लावला: १.८ व्होल्ट. पट्टी नवी कोरी होती, बोल्ट स्टीलचा, घट्ट आवळलेला. पट्टी काढली तर खाली चासीचा काळा रंग जसाच्या तसा, आरशासारखा चकचकीत. सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जायचा. दहा पेन्सच्या नाण्याएवढी जागा धातू दिसेपर्यंत घासली, दातेरी वायसर घातला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन फासलं. ०.१५. चौदा मिनिटं लागली.

आणखी एक सांगण्यासारखं आहे. त्याच गाडीची अॅक्सिलरेटरची केबल जड झाली होती. अर्थिंगला वाट मिळेना तेव्हा स्टार्टरचा करंट त्या बारीक केबलमधून परत जात होता. आतलं अस्तर वितळलं होतं. एखाद्याच्या गाडीत स्टार्टर मारताना पायाशी धूर येत असेल, तर तो पेट्रोलचा नाही म्हणून निश्चिंत राहू नका. केबल बदला, पण आधी अर्थिंग.

लहान लक्षणंही ओळखून ठेवा. हेडलाइट लावताच तापमानाचा काटा उडी मारतो: इंजिन एका सेकंदात तापत नाही, डॅशबोर्डचं अर्थिंग बघा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो: मागच्या दिव्याची काळी तार. फायबरच्या मडगार्डवरच्या प्रत्येक दिव्याला स्वतःची परतीची तार लागते, हे बांधणाऱ्याने पाळलेलं असतंच असं नाही.

काम करताना अंगठी आणि घड्याळ काढा, निगेटिव्ह आधी सोडा आणि सगळ्यात शेवटी जोडा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी बदलून आणलेल्या गाडीत मला आधी तुम्ही केलेलं काम उलगडावं लागतं, मग मूळ बिघाड. वेळ जातो तो तिथं.

बिलाबद्दल. "चौदा मिनिटांचं काम आणि तासाचे पैसे?" असं त्या गृहस्थांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. तपासणीला आम्ही एक तास धरतो. बोल्ट निघाला तरी तेवढाच आणि दोन तास शोधावं लागलं तरी तेवढाच. दुसऱ्या प्रकारच्या गाडीबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही. आणि व्हॉट्सअॅपवर आवाजाची क्लिप पाठवून "काय असेल?" विचारू नका, असं मी म्हणणार नाही, पाठवा. उत्तर मात्र "वरची चाचणी करून आकडा पाठवा" एवढंच येईल. आकडा पाठवलात तर पुढचं फुकट सांगतो.

ज्यांना घासत बसायचं नाही त्यांच्यासाठी आम्ही अर्थिंगचा सेट तयार ठेवतो: पंचवीस चौरस मिलिमीटरच्या तीन पट्ट्या, इंजिन ते चासी, चासी ते बॅटरी आणि एक थेट इंजिन ते बॅटरी. टोकं हायड्रॉलिक प्रेसने दाबलेली. पकडीने चेपलेली टोकं वर्षभर टिकतात, मग बीप वाजवत बसतात. सेट घरी बसवता येतो. नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवण्याआधीच्या तपासणीत आणलीत तर बसवायचे पैसे घेत नाही.

गाडी चालू झाली की पुढचं दुखणं हमखास चाकांत हवा जास्त असण्याचं. पेट्रोल पंपावर सवयीने बत्तीस पाउंड भरता आणि मग "खड्ड्यावर उडते, पावसात घसरते" म्हणता. एवढ्या हलक्या गाडीला बहुधा अठरा ते वीस पाउंड पुरतात. तुमच्या गाडीचं आणि टायरचं पुस्तक बघा, टायर थंड असताना मोजा. फरक पहिल्याच वळणावर कळतो, स्टिअरिंग हातात बोलायला लागतं. ब्रेकला बहुतेकांत पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही, एबीएस तर नाहीच, तेव्हा पाय जोरात दाबायचा. स्पीड ब्रेकर तिरका घ्या, इंजिनचा तळ जमिनीपासून फार उंच नाही. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आहे. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, म्हणून नळ्या बदलेपर्यंत महागातलं ई५ भरा.

आणि सगळ्यात मजा कधी, विचाराल तर एप्रिलच्या कोरड्या सकाळी, सातच्या आत. छप्पर घरी, मफलर गळ्यात, मोकळ्या रस्त्यावर कोपर बाहेर. मात्र ट्रकवाल्याला तुम्ही त्याच्या चाकाच्या नटाच्या उंचीला दिसता, म्हणजे दिसतच नाही. बाजूने जाताना तो बघतोय असं धरू नका.

तपासणीला येताना जुने काढलेले भाग फेकू नका, घेऊन या. बऱ्याचदा ते चांगले असतात आणि परत बसतात. इमोबिलायझर (चोराला गाडी चालू करू न देणारी यंत्रणा) असेल तर किल्लीच्या रिमोटमधला सेल नवा घालून आणा. गेल्या महिन्यात दोन गाड्या टेंपोवरून आल्या आणि दोन्हींचा बिघाड त्या बटणाएवढ्या सेलमध्ये होता. त्यांच्याकडून आम्ही फक्त सेलचे पैसे घेतले, टेंपोवाल्याने पूर्ण घेतले.