पोटातलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही

‘आनंदाचं ९० टक्के रसायन पोटात तयार होतं, म्हणून पोट साफ तर मन प्रसन्न’ असा मजकूर हल्ली सारखा फिरत असतो. खाली बहुधा कसल्यातरी चूर्णाची जाहिरात असते. आकडा खोटा नाही. हे रसायन म्हणजे सेरोटोनिन, आणि शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असतं. इटलीच्या विट्टोरियो एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात ते सापडलं तेही आतड्याच्या अस्तरात. मेंदूतही ते असतं हे बेटी ट्वारॉग यांनी १९५३मध्ये दाखवलं.

पुढचं गणित मात्र चुकतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सेरोटोनिनला ओलांडता येत नाही. प्रथिनांतून मिळणारं ट्रिप्टोफॅन ओलांडतं आणि त्यापासून मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो, तेही वेगळं विकर (एन्झाइम) वापरून. आतड्याकडच्या विकराचं जनुक काढलेल्या उंदरांच्या रक्तात सेरोटोनिन जेमतेम उरलं, मेंदूतलं होतं तेवढंच राहिलं. हा प्रयोग २००३चा.

मग आतडं मेंदूला काही कळवतच नाही? कळवतं की! पण त्यातला सगळ्यात ठसठशीत निरोप आनंदाचा नाही, ओकारीचा आहे.

सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध शिरेतून दिलं, की काही तासांत अस्तरातल्या एंटेरोक्रोमॅफिन पेशी साठवलेलं सेरोटोनिन भसाभसा सोडतात. शेजारीच आतडं आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची टोकं असतात. त्यांच्यावरचे ‘५-एचटी३’ ग्राही (सेरोटोनिन पकडणारी प्रथिनं) म्हणजे आयनांच्या वाहिन्याच. सेरोटोनिन चिकटलं की त्या उघडतात, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत घुसतात, टोकाचा विद्युतभार पालटतो आणि आवेग मानेतून वर लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या तळाशी पोचतो. तिथून श्वासपटल, पोटाचे स्नायू, लाळग्रंथी यांना हुकूम सुटतात. उलटीआधी तोंडाला पाणी सुटतं ते यामुळेच. रेणू राहतो आतड्यात, खबर पोचते मेंदूत. व्हेगसचे सुमारे ८० टक्के तंतू असे खालून वर निरोप नेणारेच असतात.

नैराश्यावरच्या काही गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही दिवस मळमळतं, त्यामागेही आतड्यातलं हेच सेरोटोनिन असतं. घाबरून गोळ्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावं.

घरोघर ‘उलटीची गोळी’ म्हणून ओळखलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉन नेमके हे ग्राही अडवतं. केमोच्या रुग्णांचे हाल त्याने केवढे कमी झाले! घाटात गाडी लागते तेव्हा मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे तक्रार आतड्याची नसते, आतल्या कानाची असते.