फोटो नव्हे, सावली

आंब्याच्या हंगामात झाडावरून पडलेला गडी दवाखान्यातून परतला की कोकणात घरचे आधी विचारतात, ‘फोटो काढला का?’ एक्स-रेला फोटो म्हणण्याची ही सवय मोडण्याचे कारण नाही. मात्र वस्तूवरून परतलेल्या प्रकाशाने उमटतो तो फोटो, आणि शरीरातून आरपार गेलेल्या किरणांनी उमटते ती सावली, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

हे किरण १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील विल्हेल्म राँटगेन यांना सापडले आणि डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताची हाडे अंगठीसकट काचेवर उमटवली. हाडातील कॅल्शियमचा अणू मांसातील कार्बन-ऑक्सिजनच्या अणूंपेक्षा जड असल्यामुळे तो क्ष-किरण कितीतरी अधिक शोषतो, म्हणून किरण कमी पोहोचतात तिथे हाड पांढरे दिसते आणि किरण आरपार येतात तिथे हवेने भरलेले फुप्फुस काळे. पेडव्यासारख्या माशाचा बारीक काटा घशात रुतला, तर साध्या एक्स-रेत तो पुष्कळदा दिसतच नाही. (भाताचा गोळा गिळण्याच्या घरगुती उपायाने तो आणखी खोल जाऊ शकतो, हेही सांगून ठेवतो.)

सावलीची खरी अडचण अशी की तिच्यात खोली हरवते. पोफळीच्या बागेत एका जागी उभे राहिले तर पुढच्या खोडामागे मागची खोडे झाकली जातात. बागेभोवती फिरत गेले की ती एकेक करून सुटी होतात आणि कोणते कुठे आहे ते मनात मांडता येते. मनगटाचा एक्स-रे समोरून आणि बाजूने असा दोनदा काढतात तो याचसाठी. सीटी स्कॅनमध्ये हीच फेरी यंत्र मारते: किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते, शेकडो कोनांतून किती किरण आरपार आले ते मोजले जाते, आणि त्या आकड्यांवरून संगणक शरीराचा आडवा काप गणिताने उभा करतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला, तेव्हा एका कापासाठी १६० जागी आणि १८० कोनांतून, म्हणजे २८,८०० मोजमापे घेतली जात. १९७९ चे नोबेल त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत मिळाले.

कापातील प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड यांच्याच नावाच्या मापपट्टीवर आकडा मिळतो: पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी सुमारे उणे १००, मेंदू तीस-चाळीसच्या आसपास, तर नुकतेच गोठलेले रक्त साठ-सत्तर. फरक एवढासाच, पण माडावरून पडलेल्याच्या कवटीत रक्तस्राव झाला आहे का, हे त्यावरूनच कळते. साध्या एक्स-रेत कवटीची तड दिसेल, आतले रक्त दिसणार नाही.

म्हणून प्रत्येक दुखण्याला ‘स्कॅनच काढा’ असा आग्रह मात्र धरू नये. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचे माप) किंवा त्याहून कमी किरणोत्सर्ग मिळतो, छातीच्या नेहमीच्या सीटीत सुमारे सात. निसर्गाकडून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिळतो. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल, तर ते टेबलावर झोपण्यापूर्वीच तंत्रज्ञाला सांगावे.