रविवारची मिस्सा बंधनकारक कशी झाली

रविवारी मिस्साला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेऊन होणाऱ्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, हजर राहणं कॅथलिक माणसाला बंधनकारक आहे. मग शनिवारी संध्याकाळी मिस्सा ऐकली तर रविवारची धरली जाते का, हा प्रश्न कॅथलिक घरात कोणी ना कोणी विचारतंच. मग त्याच्या मागोमाग बाकीचे येतात, शनिवारी संध्याकाळच्या लग्नाची मिस्सा चालते का, दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, गेलं तर चालतं का, तापात पडून राहिलो तर पाप लागतं का. उत्तरं तशी छोटी आहेत, पहिल्या तिन्हींचं हो आणि शेवटच्याचं नाही. पण ती अशीच का आहेत हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं आणि ते एकदा तरी जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण नुसता नियम वाचला तर तो हजेरीपटासारखा वाटतो. त्यातला एकेक शब्द कुठून आला ते कळलं की तसा नाही वाटत.

सुरुवातीला नियम नव्हताच. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात प्रेषित पौल त्रोवस गावी आहे, आठवड्याचा पहिला दिवस आहे आणि मंडळी भाकर मोडायला जमलीयेत, एवढंच येतं, जमलंच पाहिजे असं तिथे कोणी म्हणत नाही. इब्री लोकांस पत्रात मात्र एकत्र मिळणं सोडू नका, काहींना ती सवय लागलीये असा एक टोला आहे (10:25), म्हणजे दांड्या मारणारे तेव्हापासून होतेच! आणि एक गोष्ट आपण विसरतो की तेव्हा रविवार हा सुट्टीचा दिवस नव्हता. रोमी साम्राज्यात तो कामाचा साधा दिवस, त्यात ख्रिस्ती लोकांमध्ये गुलाम आणि मोलकरी भरपूर, मग जमायचं कधी तर पहाटे. साधारण 112 साली प्लिनी नावाच्या गव्हर्नरने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं त्यात हेच आहे की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात.

मग 155च्या आसपास संत जस्टिन यांनी रोममध्ये सम्राटाला उद्देशून जे लिहिलं त्यात रविवारचं पूर्ण वर्णनच मिळतं. शहरातले आणि गावातले सगळे एका जागी येतात, प्रेषितांच्या आठवणी नाहीतर संदेष्ट्यांची पुस्तकं वेळ असेल तेवढी वाचतात, प्रमुख बोलतो, सगळे उभं राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस आणतात, आभार मानून वाटतात. आणि पुढे एक वाक्य आहे जे मला फार आवडतं, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, ते घेऊन जातात. म्हणजे कोण आलं नाही याची नोंद तेव्हाही व्हायची, पण ती त्याच्या घरी प्रभूचं शरीर, म्हणजे ती भाकर, पोचवण्यासाठी. तिसऱ्या शतकात सिरियाकडे लिहिलेल्या दिदास्कालिया या ग्रंथातही हाच सूर आहे, गैरहजर राहून मंडळीला कमी करू नका, ख्रिस्ताच्या शरीराचा एक अवयव तोडू नका. तू आला नाहीस तर तुझं नुकसान एवढंच नाही, आमचंही काहीतरी कमी पडलं, हा तो विचार.

आणि मग 304 साल. डायोक्लेशन बादशहाने आदल्या वर्षी हुकूम काढला होता की ख्रिस्ती ग्रंथ जाळून टाका, प्रार्थनेच्या जागा पाडा आणि जमायचं तर अजिबात नाही. आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, अबितिना नावाचं गाव होतं, तिथले 49 जण सातुर्निनस नावाच्या धर्मगुरूबरोबर घरात गुपचूप रविवार पाळताना पकडले गेले. त्यात त्या धर्मगुरूची मुलं होती, अगदी लहान हिलारियानससुद्धा. त्यांना कार्थेजला नेलं, छळ केला, आणि सुभेदाराने एमेरितस नावाच्या माणसाला विचारलं की हुकूम मोडून या लोकांना घरात का घेतलंस. तो म्हणाला हे माझे भाऊ आहेत, मला नाही म्हणता येत नाही. सुभेदार म्हणाला, म्हणायला हवं होतंस. त्यावरचं त्याचं उत्तर आजही जसंच्या तसं सांगितलं जातं, सिने दोमिनिको नॉन पोसुमुस, दोमिनिकुमशिवाय आम्ही जगू शकत नाही. लॅटिनमधला हा दोमिनिकुम शब्द प्रभूच्या वारासाठीही वापरायचे आणि त्या दिवशीच्या प्रभुभोजनासाठीही, दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे त्यांच्या डोक्यात रविवार वेगळा आणि मिस्सा वेगळी असं नव्हतंच. बंधनकारक आहे म्हणून जातो असं त्यांच्यातलं कोणी म्हणालं नाही, उलट कायद्याने बंदी होती.

आता याच काळात, म्हणजे 300 ते 306च्या दरम्यान कधीतरी, स्पेनमध्ये ग्रॅनडाजवळ एल्विरा इथे बिशपांची सभा भरली. तिथला 21वा नियम असा की शहरात राहणारा माणूस लागोपाठ तीन रविवार चर्चला आला नाही तर त्याला थोडे दिवस बाहेर ठेवा, म्हणजे त्याची कानउघाडणी होईल. मला हे दोन्ही शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. एकाच दशकात समुद्राच्या एका बाजूला माणसं रविवारसाठी जीव देतायत आणि दुसऱ्या बाजूला येत नाहीत म्हणून नियम करावा लागतोय. नियम कुठून जन्माला आला तर इथून, आपल्याच ढिलाईतून. शिक्षाही बघा कशी, दंड नाही, फटके नाहीत, जिथे यायला कंटाळतोस तिथूनच थोडा काळ दूर रहा.

कॉन्स्टंटाइनने 321 साली 7 मार्चला हुकूम काढून न्यायालयं, शहरी लोक आणि कारागीर यांना सूर्याच्या दिवशी सुट्टी दिली. शेतकऱ्यांना मात्र काम करायची सूट होती, पेरणीचा आणि द्राक्षांचा दिवस हातचा जाऊ नये म्हणून. छळ थांबला, गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर सगळ्या प्रकारची माणसं आली. सहाव्या शतकात फ्रान्समधल्या आर्लचे बिशप संत सीझेरियस यांचं चरित्र वाचलं तर लोक शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं वाचन, झालं की प्रवचनाआधीच सटकायचे म्हणून त्यांनी दारं लावून घ्यायला लावली असं त्यात आहे. त्यांच्याच अध्यक्षतेखाली 506 साली आग्ड इथे सभा झाली आणि तिने सांगितलं की रविवारी पूर्ण मिस्सा ऐकायची, आशीर्वाद होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर घेणं, झालं की बाहेर पडणाऱ्यांच्या बुटांचा आवाज होतो तो आजचा नाही, दीड हजार वर्षांचा आहे!

मध्ययुगात मग दोन गोष्टी वाढत गेल्या. एक म्हणजे सण. रविवारखेरीज संतांचे, मरियेचे, प्रेषितांचे, त्यात प्रत्येक प्रांताचे आपापले, आणि बंधनकारक सण म्हणजे मिस्सा अधिक कामबंदी. कामबंदी चाकरी करणाऱ्याला विश्रांती होती पण रोजंदारीवाल्याची कमाई बुडायची, आणि ही गरिबांची तक्रार रोमपर्यंत पोचलीच. पोप उर्बन आठवे यांनी 1642 मध्ये सगळ्या चर्चसाठी एकच यादी केली तरी ती तीसच्या वर होती. दुसरी गोष्ट म्हणजे आपला धर्मग्राम. आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच फादरांकडे मिस्सा ऐकायची हा आग्रह कडक होता, मग फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन हे संन्यासी संघ आले आणि लोक त्यांच्या चर्चमध्ये जायला लागले, त्यावरून भांडणं झाली. ट्रेंटच्या महासभेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेने, 1562 मध्ये एवढंच म्हटलं की निदान रविवारी आणि मोठ्या सणांना आपल्या धर्मग्रामात जा असं बिशपांनी लोकांना सांगावं. आज कुठेही गेलं तरी चालतं, ते या सगळ्या ओढाताणीनंतर.

मध्येच एक गैरसमज सांगतो, मिस्सा बंधनकारक म्हणजे कम्युनियन बंधनकारक नाही. त्या दोन गोष्टी फार आधी वेगळ्या झाल्या. लोक कम्युनियन घेईनासे झाले होते म्हणून लॅटरनच्या चौथ्या महासभेने 1215 मध्ये निदान वर्षातून एकदा, ईस्टरला तरी घ्या असा नियम केला, आणि तो किमान नियम आजही आहे. त्यामुळे काही कारणाने कम्युनियन घेता येत नाही म्हणून मिस्सालाच जायचं नाही असं करणारे खूप आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावं की मिस्साचं दार त्यांच्यासाठी कधीच बंद नव्हतं.

पापाचं म्हणाल तर मुद्दाम, कारण नसताना चुकवणं हे गंभीर पाप अशी शिकवण मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत पक्की झाली होती. सतराव्या शतकात काही जण म्हणायला लागले की लोकांत बदनामी होत नसेल आणि मनात तुच्छता नसेल तर सण मोडणं गंभीर नाही, ते मत पोप इनोसंट अकरावे यांनी 1679 मध्ये फेटाळलं. चर्चच्या 1992च्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद 2181) तेच आहे, पण कारणं सांगूनच, आजारपण, तान्ह्या बाळाची काळजी वगैरे, आणि आपल्या धर्मगुरूंनी दिलेली सूट. तेव्हा ताप असताना घरी राहणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये, तिथे बंधनच नसतं.

विसाव्या शतकात बदल भराभर झाले. पोप पायस दहावे यांनी 1911 मध्ये बंधनकारक सण आठावर आणले, 1917च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या संहितेत, दोन वाढून ते दहा झाले, आणि 1983च्या संहितेत दहाच राहिले, फक्त देशोदेशीच्या बिशप मंडळांना रोमच्या मान्यतेने काही कमी करायची किंवा रविवारी ढकलायची मुभा मिळाली. म्हणूनच एका देशात येशूच्या स्वर्गारोहणाचा सण गुरुवारी आणि दुसऱ्या देशात रविवारी, कोणी चुकलंय असं नाही.

शनिवार संध्याकाळ कुठून आली हे मला स्वतःला बरेच दिवस कळत नव्हतं, मला वाटायचं ज्यू लोकांचा दिवस सूर्यास्तापासून धरतात म्हणून. ते आहेच, सणाची सुरुवात आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून धरायची पद्धत खूप जुनी आहे, पण संध्याकाळी मिस्साच नसायची त्याला काय करणार. 1917च्या नियमाप्रमाणे दुपारी एकनंतर मिस्सा सुरू करता येत नव्हती, आणि कम्युनियनसाठी मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही असा उपवास. मग फॅक्टरीत पाळी असलेला माणूस, नर्स, रेल्वेवाला यांनी कसं करायचं? पोप पायस बारावे यांनी 1953 मध्ये पाण्याची सूट दिली आणि बिशपांना संध्याकाळच्या मिस्साची परवानगी द्यायचा मार्ग मोकळा केला, 1957 मध्ये उपवास तीन तासांवर आला, 1964 मध्ये एका तासावर. हे झाल्यावरच शनिवारची मिस्सा शक्य झाली. आधी रोमने जिथे परवानगी दिली तिथेच, 1967च्या एका सूचनेत तिचे नियम आले, आणि 1983 मध्ये ती सगळ्या लॅटिन चर्चसाठी, म्हणजे रोमच्या परंपरेतल्या चर्चसाठी, कायद्यात आली. कॅनन 1248, म्हणजे त्यातला 1248वा नियम, म्हणतो की कॅथलिक विधीने कुठेही होणाऱ्या मिस्साला त्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी जो हजर राहतो त्याने बंधन पाळलं. कॅथलिक विधींपैकी कुठला, वाचनं कुठली ही अट नाही, म्हणून लग्नाची चालते.

याच संहितेत एक शब्द बदललाय. 1917 मध्ये मिस्सा ऐकायची असं होतं, 1983 मध्ये मिस्सात सहभागी व्हायचं असं आहे. आपण अजून मिस्सा ऐकली असंच म्हणतो आणि त्यात वाईट काही नाही, तो शब्द शतकानुशतकांचा आहे. पण जुनी पुस्तकं मिस्साचे भाग पाडून शिकवायची, अर्पणाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाहण्याच्या, आधी पोचलात तर थोडक्यात निभावलं, आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1963 मध्येच सांगितलं होतं की शब्दाचा, म्हणजे बायबलच्या वाचनांचा, भाग आणि प्रभुभोजनाचा भाग मिळून एकच उपासना आहे. त्यानंतर किती उशिरापर्यंत चालतं हा हिशोबच खरं तर उरत नाही.

त्याच कॅननचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत असतो. धर्मगुरूच नाही किंवा दुसरं मोठं कारण आहे, तर शब्दाच्या उपासनेला जावं, नाहीतर एकट्याने, घरच्यांबरोबर किंवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी अशी कळकळीची सूचना तिथे आहे. 2020 मध्ये चर्च बंद झाली आणि जगभरच्या बिशपांनी बंधनातून सूट दिली तेव्हा आपण सगळ्यांनी हे अनुभवलं, काही महिने. जपानमध्ये सतराव्या शतकात धर्मबंदी आली, धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले, आणि मग दोनशेहून जास्त वर्षं तिथल्या लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना मिस्सा मिळाली नाही. अशक्य गोष्टीचं बंधन कोणावर नसतं, त्यांच्यावरही नव्हतं. तरी नागासाकीकडच्या गावांमध्ये त्यांनी एका माणसाला चोकाता म्हणजे कॅलेंडर सांभाळणारा नेमलेला असायचा, आणि रविवार कधी, नाताळ कधी, ईस्टर कधी हे तो पिढ्यानपिढ्या मोजून गावाला सांगत राहिला. 1865 साली नागासाकीला फ्रेंच धर्मगुरूंनी चर्च बांधलं तेव्हा त्या लपून राहिलेल्यांतले काही जण येऊन आमचं मन तुमच्यासारखंच आहे असं हळूच म्हणाले, आणि तेव्हा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे हेही त्यांना ठाऊक होतं.