‘ओरांशे’ डच राजघराण्याचा नव्हे

फिरणारा समज: नॉर्वेजियन भाषेतला नारिंगी रंगाचा शब्द ‘ओरांशे’ डच राजघराण्याच्या ‘ओरांज’ या नावावरून आला. तिथे संत्र्याच्या फळाला ‘अपेल्सिन’ म्हणतात, म्हणजे रंगाचं नाव फळावरून आलेलं दिसत नाही, त्यामुळे हे पटतंही.

पण घराण्याचं नाव फ्रान्समधल्या ओरांज गावाचं, आणि गावाचं रोमन काळातलं नाव होतं अराउसिओ. त्याचा फळाशी मुळात संबंध नाही. उच्चार पुढे जुळले. रंगाचा शब्द मात्र फळाचाच: संस्कृत नारङ्ग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा, फ्रेंच ओरांज (इथे सुरुवातीचा ‘न’ गळाला), मग नॉर्वेजियन. ‘अपेल्सिन’ वेगळ्या वाटेने, उत्तर जर्मनी-हॉलंडकडून आला. अर्थ ‘चिनी सफरचंद’.

पडताळायचं तर व्युत्पत्ती देणारा नॉर्वेजियन कोश उघडा, दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. आपलंही तसंच आहे: फळ संत्रं, रंग नारिंगी.