'ऊबर': इंग्रजीत मुरलेला जर्मन उपसर्ग

'ऊबर-कूल', 'ऊबर-रिच' अशा इंग्रजी शब्दांतला 'ऊबर' विशेषणाची तीव्रता वाढवतो आणि तो जर्मन भाषेतून आला आहे. जर्मनमध्ये त्याचा साधा अर्थ 'वर'. इंग्रजी 'ओव्हर', ग्रीक 'हायपर', लॅटिन 'सुपर' आणि संस्कृत 'उपरि' ही सारी याच कुळातली मंडळी. 'उपरि'पासून प्राकृतातल्या 'उवरि'मार्गे मराठीतला 'वर' आला.

या उपसर्गाला इंग्रजीत मोठी वाट मोकळी करून दिली ती तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे यांनी. 1883 ते 1885 या काळात प्रसिद्ध झालेल्या 'झरथुष्ट्र असे म्हणाला' या ग्रंथात त्यांनी स्वतःला ओलांडून जाणाऱ्या मानवाला 'यूबरमेन्श' म्हटले. 1896च्या इंग्रजी अनुवादात त्याचा 'बियाँड-मॅन' झाला, 1903मध्ये बर्नार्ड शॉ यांच्या नाटकामुळे 'सुपरमॅन' रूढ झाला, तर 1954मध्ये अनुवादक वॉल्टर कॉफमन यांनी 'ओव्हरमॅन' पसंत केला. एकही प्रतिशब्द सर्वमान्य न झाल्याने मूळ जर्मन शब्दही इंग्रजी लेखनात टिकला आणि पुढे त्याचा उपसर्ग सुटा होऊन हव्या त्या शब्दाला चिकटू लागला.

घरचा 'ओव्हर' असताना उसनवारी कशाला, हा खरा प्रश्न आहे. 'ओव्हर' विशेषणाआधी लागला की बहुधा प्रमाण सुटल्याची तक्रार करतो: 'ओव्हर-कॉन्फिडन्ट' माणसाचा आत्मविश्वास गरजेपेक्षा जास्त असतो. 'ऊबर-कॉन्फिडन्ट' म्हटले की आत्मविश्वास तेवढाच अफाट राहतो, पण ठपका जातो. आपल्याकडे 'अतिशहाणा' आणि 'अतिसुंदर' ही दोन्ही कामे एकटा 'अति' करतो. इंग्रजीने ती दोघांत वाटून दिली. गंमत अशी, की जर्मनमध्येही हा उपसर्ग पुष्कळदा अतिरेकच दाखवतो आणि नुसते 'खूप' म्हणायला जर्मन माणूस सहसा 'झेअर' वापरतो. म्हणजे इंग्रजीने शब्द घेतला, पण त्याला काम स्वतःच्या सोयीचे दिले. त्यात किंचित थट्टेचा सूर उरतो, तो मला परक्या, भारदस्त उच्चाराचा परिणाम वाटतो.

तो उच्चारही मूळचा राहिलेला नाही. जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठांचा 'ऊ'सारखा चंबू केला की जर्मन स्वर निघतो. हा स्वर इंग्रजीत नाही, म्हणून तिथे सरळ 'ऊ' झाला. मराठीतही नाही, म्हणून आपण 'मॅक्स म्युलर' लिहितो.

तीव्रता दाखवणारे शब्द वापरून वापरून बोथट होतात, हे भाषाशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. वर आलेल्या 'झेअर'चा मूळ अर्थ 'वेदनेने' असा होता आणि इंग्रजी 'सोअर' हा त्याचाच भाऊ. आज जर्मन माणूस जेवण 'झेअर' चांगले झाले म्हणतो, तेव्हा त्यात वेदनेचा मागमूस नसतो, जसा 'भयंकर गोड' म्हणताना आपल्याला भीतीचा नसतो. 'ऊबर'च्या बाबतीत झिजेबरोबर आणखी एक गोष्ट घडली. 2009मध्ये सान फ्रान्सिस्कोत 'ऊबरकॅब' नावाची कंपनी निघाली आणि टॅक्सी-परवान्याचा वाद उद्भवल्यावर 2010मध्ये तिने नावातला 'कॅब' गाळला. मागे उरलेला उपसर्ग आता नामही आहे आणि क्रियापदही, त्यामुळे सुटा लिहिला की वाचकाला आधी टॅक्सीच आठवते. तीव्रताच दाखवायची असेल, तर जोडरेघ आणि रोमन 'u' अक्षरावरची दोन जर्मन टिंबे ('ü') ठेवलेली बरी.