श्वसनविषाणूंपासून बचाव : सोलापूर

श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूची लागण स्वतःला होऊ न देणे, आणि झालीच तर ती आपल्यापासून दुसऱ्याला होऊ न देणे, या दोन्हींसाठीचे उपाय. फ्ल्यू, कोविड-१९ आणि गोवर यांचे विषाणू, तसेच लहान मुलांना श्वासाचा त्रास देणारा आरएसव्ही हा विषाणू याच वाटेने फिरतात. छापील सूचना सगळीकडे सारख्याच असतात. सोलापुरात मात्र त्या इथला उन्हाळा, माग, विड्या आणि नळाचे पाणी यांच्याशी ताडून पाहाव्या लागतात.

खोकताना, शिंकताना, अगदी बोलतानाही तोंडातून थेंब उडतात. त्यांतले जड थेंब तीन ते सहा फुटांत खाली बसतात. सूक्ष्म तुषार मात्र कोंदट खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे तासन्‌तास तरंगत राहतात. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून आणि फ्ल्यूचा एक दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण देऊ शकतो. त्यामुळे ‘मला तर काहीच होत नाही’ या बोलण्यावर विसंबून चालत नाही.

‘आपल्या उन्हात विषाणू तगतोय होय!’ हे वाक्य इथे बरेचदा ऐकू येते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो, तरीही २०२०च्या मे महिन्यात शहरात कोविडचे रुग्ण वाढतच होते. याचे एक कारण उन्हातच आहे. दुपारी माणसे दारे-खिडक्या लावून आत बसतात आणि एकमेकांचा उच्छ्वास घेत राहतात. खिडकीबाहेर बसवलेला गवताचा कूलर अशा वेळी मोठे काम करतो. तो बाहेरची हवा आत ओढतो आणि समोरची खिडकी उघडी असेल तर जुनी हवा तिथून निघून जाते. तोच कूलर खोलीच्या आत ठेवला तर असलेलीच हवा घुसळत बसतो. घरातला साधा एसीही आतलीच हवा गार करून फिरवतो. याबाबतीत स्वस्तातला कूलर महागड्या यंत्राहून उजवा ठरतो.

यंत्रमागाच्या कारखान्यात अडचण निराळी. सुताला दमटपणा लागतो, नाहीतर तार तुटते. म्हणून खिडक्या अनेकदा मिटलेल्या असतात. त्यातच धोट्यांचा खडखडाट असा की शेजारच्या मागावरच्याला काही सांगायचे तर त्याच्या कानाशी जाऊन ओरडावे लागते. मोठ्याने बोलताना तुषार अधिक उडतात आणि अंतर तर वीतभरच असते. पाळी बदलताना काही वेळ दारे सताड उघडणे आणि बोलायचे ते बाहेर येऊन बोलणे, एवढ्यानेही फरक पडतो.

चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या शहराला मास्कबद्दलची एक गोष्ट चटकन पटेल : उत्तम मास्कचे गाळणारे कापड विणलेले नसतेच. उभा-आडवा धागा कितीही घट्ट ठोकला तरी मधे छिद्रे उरतात. रुमाल दिव्यासमोर धरला की ती दिसतात. एन-९५ मास्कच्या मधल्या थरात वितळलेल्या प्लास्टिकचे अतिबारीक तंतू गुंतवळासारखे पसरलेले असतात आणि त्यांवर स्थिर विद्युतभार असतो. त्यामुळे ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९५ टक्के कण त्यात अडकतात. साबणाने धुतला की हा भार जातो आणि मास्क नुसता दिसण्यापुरता उरतो. कडेने फट राहिली तरी तेच. चष्म्याच्या काचेवर वाफ धरत असेल तर नाकावरची पट्टी नीट दाबलेली नाही असे समजावे. उपरणे किंवा ओढणी तोंडावर घेणे हे काहीच नसण्यापेक्षा बरे, इतकेच. शिंकणाऱ्याने तीही जरूर घ्यावी.

शहराच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीने कापलेली तेंदूची पाने, शेजारी गप्पा मारत बसलेल्या दोघी-तिघी असे हे काम चालते. तंबाखूच्या धुळीने धास लागते, खोकला सवयीचा होतो आणि नव्याने आलेला खोकला त्यात लपून जातो. ताप, अंगदुखी किंवा वास न येणे यांची जोड मिळाली तर ‘तंबाखूचाच खोकला’ म्हणून तो सोडून देऊ नये. दोन आठवडे टिकला तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. काम अंगणात किंवा ओसरीवर हलवता आले तर धूळ आणि विषाणू या दोन्हींचा त्रास कमी होतो.

हात धुण्याचा सल्ला नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात जरा अवघडच वाटतो. पण काम मुख्यतः साबण करतो. फ्ल्यू आणि कोविडच्या विषाणूंवरचे स्निग्ध आवरण त्याने फुटते. हात ओले करून वीस सेकंद फेस चोळावा आणि मग ओतून धुवावे. त्याला एक तांब्या पुरतो. सॅनिटायझर वापरायचा तर त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवे.

फ्ल्यूचे दोन हंगाम असतात, पावसाळा आणि जानेवारी ते मार्च. जिल्ह्यातल्या दोन मोठ्या गर्दी नेमक्या त्यांच्या तोंडाशी येतात : पंढरपूरची आषाढी आणि संक्रांतीला सोलापुरात भरणारी ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. २०२० साली पालख्यांतल्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या गेल्या. २०२१ ची गड्डा यात्राही मोजक्या मानकऱ्यांत झाली. एरवी असे बंधन नको. पण ताप असलेल्याने गड्डा यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाची, गर्दी टाळावी. फ्ल्यूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. यात्रेला जाणाऱ्या वयस्करांनी, तसेच मधुमेह किंवा दमा असणाऱ्यांनी तो हिशेब धरून ती घ्यावी.

दोन खोल्यांच्या घरात रुग्णाला खिडकीपाशी झोपवावे, त्याच्याजवळ जाणाऱ्याने आणि त्यानेही मास्क लावावा, आणि सेवेला शक्यतो एकच माणूस असावा. आजाऱ्याला बघायला येण्याची रीत जुनी आहे आणि येणाऱ्याला दारातून परत पाठवणे जिवावर येते. अशा वेळी ओसरीवरूनच विचारपूस झाली तर कोणाचा मानही जात नाही. धाप लागणे, ओठ निळसर पडणे, भान हरपणे किंवा रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ९४ टक्क्यांच्या खाली जाणे यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे.