चिती: रचलेली की कापलेली?

महत्त्वमापनाच्या धड्यात इष्टिकाचिती आणि वृत्तचिती सगळ्यांनीच पाहिल्या आहेत, तेव्हा घनफळाचे सूत्र इथे पुन्हा सांगत नाही. घोळ आहे तो नावाचा. भूमितीतल्या त्रिकोणी चितीसारखाच काचेचा तुकडा विज्ञानाच्या तासाला लोलक होतो, नाहीतर सरळ प्रिझम. लोलक म्हणजे लोंबणारा तुकडा, कानातल्याचा किंवा झुंबराचा. या नावातून आकाराविषयी काहीच कळत नाही. प्रिझम हा शब्द ग्रीक, करवतीने कापणे या क्रियापदावरून आलेला.

आपली चिती रचण्यातून आली. यज्ञवेदीसाठी विटांचे थर रचत, ती चिती. 1150 च्या ‘लीलावती’त ‘चितिव्यवहार’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यातले उदाहरण: वीट 18 अंगुळे लांब, 12 रुंद, 3 उंच, रास 8 हात लांब, 5 रुंद, 3 उंच, तर विटा किती आणि थर किती? हात 24 अंगुळांचा धरला की उत्तर 2560 विटा, 24 थर. लगेच पुढे येतो ‘क्रकचव्यवहार’, म्हणजे करवतीने लाकूड चिरण्याचा हिशेब. कापणेही माहीत होते, पण आकृतीला नाव मिळाले ते रचण्याचे. मला विचाराल तर हे बरेच झाले.

कारण व्याख्या. ग्रीकांच्या तेरा खंडी भूमितीग्रंथात, अकराव्या खंडात, ती अशी आहे: समोरासमोरची दोन पृष्ठे समांतर, एकरूप, बाकीची सगळी समांतरभुज चौकोन. ऐकायला चोख. आता एक तिरकी चिती घ्या, तिच्यावर तेवढ्याच तळाची दुसरी, पण उलट दिशेला कललेली ठेवा. कोपरात वाकवलेल्या हातासारखी आकृती तयार होते. वरचे आणि खालचे पृष्ठ समांतर, एकरूप. बाजूची सगळी पृष्ठे समांतरभुज चौकोन. व्याख्या पूर्ण, पण हिला चिती कोणी म्हणणार नाही. तरीही हेच वाक्य शतकानुशतके पाठ्यपुस्तकांतून जसेच्या तसे उतरत राहिले. दुरुस्ती साधी आहे: बाजूच्या सर्व कडा एकमेकींना समांतर हव्यात. म्हणजेच तळाची आकृती एकाच सरळ दिशेने सरकत वर गेली पाहिजे. वीट रचणाऱ्या गवंड्याला हे वेगळे सांगावे लागले नसते.

थरांचा हाच विचार इटलीत 1635 मध्ये तत्त्व म्हणून छापला गेला. वह्यांचा गठ्ठा तिरका ढकलला तरी घनफळ तेवढेच राहते. उंची मात्र लंब मोजायची, तिरकी कड नव्हे. परीक्षेत गुण जातात ते इथेच.

त्रिकोणी चितीच्या समान घनफळाच्या तीन सूची (पिरॅमिड) होतात, हेही त्याच ग्रीक ग्रंथात, बाराव्या खंडात. पण त्यामागच्या सिद्धतेला थरांसारखीच अनंत तुकड्यांची युक्ती लागते. ती टाळून नुसत्या कापाकापीने भागेल का, असा प्रश्न 1900 मध्ये जाहीरपणे मांडला गेला आणि उत्तर लगेचच आले: नाही. समान घनफळाच्या दोन चिती असतील, तर एकीचे मोजके तुकडे करून दुसरी नेहमी जुळवता येते. सूचींच्या बाबतीत ही हमी नाही.

राहता राहिली वृत्तचिती. पृष्ठे मोजणाऱ्या व्याख्येत ती बसत नाही, म्हणून इंग्रजीत तिचे नाव आणि वर्ग वेगळे. मराठीत ती नावानेच चिती आहे, आणि थरांच्या हिशेबाने ते बरोबरही आहे.